फडणीस कुठले? एका आडनावाचा दप्तरांमधून घेतलेला माग

माझ्या आईचं माहेर फडणिसांचं. सुट्टीत आजोळी गेलं की रात्री अंगणात मामा एक गोष्ट हटकून सांगायचा, आणि तिचा शेवट ठरलेला असायचा: "आपण नाना फडणिसांच्या घराण्यातले." आम्ही मुलं ते ऐकून फुशारून जायचो. शाळेच्या पुस्तकात नानांचं चित्र आलं, तेव्हा मी वर्गात हात वर करून ते सांगितलंही होतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी मोडी शिकलो. हाताशी आजोळची एक जुनी पेटी होती. म्हटलं, मामाची गोष्ट कागदांवर लावून बघू. पहिल्याच पायरीला अडखळलो. नाना फडणीस हे मुळात फडणीस नव्हतेच. ते भानू.

आडनावाचा शोध घेणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण कधी ना कधी येते. आपण आजचं आडनाव हातात धरून मागे चालू लागतो आणि काही पिढ्यांपूर्वी ते आडनावच सापडेनासं होतं. घराणं असतं, माणसं असतात, पण नाव वेगळं असतं. म्हणून फडणीस हे एकच आडनाव घेऊन ते कुठल्या कुठल्या कागदांत कसं दिसतं, का बदलतं आणि त्यातून काय कळतं, ते इथे मांडतो. तुमचं आडनाव सबनीस, पोतदार किंवा देशपांडे असलं, तरी यातलं बरंच तुम्हालाही लागू पडेल.

भानूंचे फडणीस झाले ते असे

नानांचं पूर्ण नाव बाळाजी जनार्दन भानू. जन्म 12 फेब्रुवारी 1742, साताऱ्यात. मृत्यू 13 मार्च 1800, पुण्यात. घराण्याचं मूळ गाव कोकणातलं वेळास. आज कासवांच्या पिल्लांसाठी लोक जातात, तेच हे बाणकोटच्या खाडीजवळचं वेळास. खाडीपलीकडे उत्तरेला श्रीवर्धन, म्हणजे पेशव्यांच्या भट घराण्याचं गाव. भट आणि भानू यांचा घरोबा जुना होता आणि ते कोकण सोडून घाटावर आले तेही एकमेकांच्या सोबतीने. 1713 मध्ये बाळाजी विश्वनाथ भटांना पेशवेपद मिळालं आणि त्यानंतर पेशव्यांच्या दप्तराची फडणिशी, म्हणजे हिशेब आणि हुकुमांच्या नोंदी ठेवण्याचं काम, भानूंकडे आली. नानांचे आजोबा बाळाजी महादेव पेशव्यांबरोबर दिल्लीला गेले आणि 1719 च्या तिथल्या दंगलीत मारले गेले. पण फडणिशी घरातच राहिली. 1756 मध्ये वडील जनार्दनपंत वारले, तेव्हा नाना चौदा वर्षांचे होते. त्या वयात फडणिशी त्यांच्या नावे झाली.

तीन पिढ्या एकच काम घरात राहिलं की लोक घराला कामाच्या नावाने ओळखू लागतात. भटांचे पेशवे झाले, तसे भानूंचे फडणीस झाले. जुनं आडनाव पुसलं गेलं नाही. लग्न जमवताना, श्राद्धाला, गोत्र सांगताना ते वापरात राहिलंच. फक्त सरकारी कामात आणि बाजारात दुसरं नाव चालू लागलं.

म्हणजे फडणीस हे आडनाव रक्ताचं नातं सांगत नाही. ते हुद्दा सांगतं. आणि हुद्दा काही एकाच घराण्याच्या मालकीचा नव्हता.

एक नव्हे, शेकडो फडणीस

मामाच्या गोष्टीला खरा धक्का इथे बसला. मराठी राज्यात मोठ्या सरदाराच्या सरंजामाला किंवा सरकारी खात्याला ठरावीक कामगार नेमलेले असत. त्यांना दरकदार म्हणत. जुन्या वर्णनांत आठ दरकदार येतात: दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार आणि पोतनीस. ही यादी पुन्हा एकदा सावकाश वाचा. तुमच्या इमारतीच्या नावांच्या पाटीवर यातली दोन-तीन तरी सापडतील. एका जुन्या कचेरीचा सगळा कामगारवर्ग आज आडनावं होऊन आपल्या आजूबाजूला राहतो आहे, याचं मला अजूनही नवल वाटतं.

पुण्याला हुजूर फडणीस होते. शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले यांच्या दरबारी त्यांचे त्यांचे फडणीस होते. खाली सरंजामाचे, परगण्याचे, खात्याचे होते. त्यात कोकणस्थ होते, देशस्थ होते, कऱ्हाडे होते, कायस्थ प्रभू होते. काम एक, घराणी निरनिराळी. त्यांतल्या ज्या घरांत काम टिकलं किंवा निदान त्या कामाचा मान टिकला, तिथे ते आडनाव झालं. तेव्हा दोन फडणीस एकमेकांचे भाऊबंद असतील हे गृहीत धरायला काहीच आधार नाही. दोन कुलकर्णी नात्यातले नसतात, हे आपल्याला सहज पटतं, कारण कुलकर्णी गावोगाव दिसतात. फडणीस म्हटलं की मात्र एकच चेहरा डोळ्यांपुढे उभा राहतो, तो नानांचा. एका माणसाच्या कीर्तीने सगळ्या आडनावावर सावली धरली आहे.

शब्दाचा स्वतःचा माग

कागदांकडे जाण्याआधी शब्दकोशांकडे जायला हवं. कोश हादेखील एक पुरावाच असतो: त्या काळी लोक शब्द कसा समजत होते त्याचा.

शब्दाचा उत्तरार्ध सोपा आहे. फारसीत 'नवीस' म्हणजे लिहिणारा. मराठीत येताना 'नवीस'चं 'नीस' झालं. चिटणीस, पोतनीस, सबनीस, कारखानीस, वाकनीस, जमेनीस ही सगळी लेखणीवाल्यांची नावं. पारसनीस म्हणजे फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा. फडणवीस आणि फडणीस ही एकाच शब्दाची लांब आणि आखूड रूपं आहेत. फडणवीस वेगळे, फडणीस वेगळे, असं काही जण ठासून सांगतात. कागदांत मात्र एकाच माणसासाठी दोन्ही रूपं येतात.

वाद आहे तो पूर्वार्धाचा. एक मत असं की तो फारसी 'फर्द'. फर्द म्हणजे सुटा कागद, हिशेबाची यादी. फर्द-नवीस म्हणजे यादी लिहिणारा. यूल आणि बर्नेल यांच्या 1886 च्या प्रसिद्ध अँग्लो-इंडियन शब्दकोशात नानांच्या नावाला स्वतंत्र नोंद आहे आणि तिथे हीच फोड दिली आहे. दुसरं मत असं की तो आपला साधा 'फड'. कुस्तीचा फड, तमाशाचा फड, उसाचा फड, तसाच कारकुनांचा फड. माणसं जमून जिथे काम चालतं ती जागा. पेशव्यांच्या हुजूर दप्तराच्या एका शाखेचं नावच 'फड' होतं, ती फडणिसांच्या हाताखाली चाले आणि हुकूम, सनदा, हिशेब सगळं तिथून निघे.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात, त्याच्या 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत, फडणीस म्हणजे नोंदवह्या सांभाळणारा सरकारी अधिकारी, सगळ्या सनदा आणि हुकूम त्याच्याकडून निघत आणि इतर खात्यांचे हिशेब त्याच्याकडे येत, अशा आशयाचा अर्थ आहे. पेशवाई बुडून तेव्हा चाळीसच वर्षं झाली होती. ज्यांनी ते काम डोळ्यांनी पाहिलं होतं, अशी माणसं हयात होती. म्हणून मला या नोंदीचं मोल जास्त वाटतं.

माझं स्वतःचं मत असं की शब्द 'फर्द'वरून आला असावा आणि मराठी कानाला 'फड' ओळखीचा असल्यामुळे तो त्यात मुरला असावा. परक्या शब्दाला घरच्या शब्दाचा आकार देणं ही भाषेची जुनी खोड आहे. पण हुजूर फडाचा पुरावा इतका जवळचा आहे की 'फड' मानणाऱ्यांशी मी भांडायला जाणार नाही.

एकच माणूस, निरनिराळी नावं

आता कागद. नानांपासून सुरुवात करू, कारण त्यांच्याइतकी नोंद दुसऱ्या कुठल्याच फडणिसाची नाही. त्यांचं नाव निरनिराळ्या दप्तरांत कसं दिसतं हे नीट समजलं, की आपापल्या खापरपणजोबांना कसं शोधायचं ते कळू लागतं.

नानांच्या मराठी पत्रांत फडणीस हा शब्द शोधत बसाल तर हात रिकामे राहतील. पत्राच्या मायन्यात ते स्वतःला 'बाळाजी जनार्दन' म्हणतात. आपलं नाव, बापाचं नाव, संपलं. आडनाव लिहायची तेव्हा गरज नव्हती. ज्याला पत्र जायचं त्याला माणूस ठाऊक असायचा. दुसऱ्यांच्या पत्रांत मात्र त्यांचा उल्लेख 'नाना', 'राजश्री नाना', 'नाना फडणीस' असा येतो. म्हणजे माणूस स्वतःला काय म्हणतो आणि लोक त्याला काय म्हणतात, या दोन वेगळ्या नोंदी झाल्या.

तहनाम्यांत तिसरंच रूप. 1776 मध्ये कंपनी सरकारतर्फे कर्नल अप्टन याने पुरंदरचा तह केला. त्याच्या इंग्रजी मसुद्यात कारभारी म्हणून सखाराम पंडित आणि बाळाजी पंडित अशी नावं आहेत. सखाराम पंडित म्हणजे सखारामबापू बोकील, बाळाजी पंडित म्हणजे नाना. पेशवे तिथे 'राव पंडित प्रधान' आहेत. आडनावाने शोधणारा हा कागद हातात धरून बाजूला ठेवून देईल, इतकं यात आडनाव नाही.

मग येतात इंग्रजांची पत्रं. चार्ल्स मॅलेट 1786 मध्ये पुण्याला रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा वकील, म्हणून आला आणि तिथून पत्रांचा पूर लागला. त्यात नाना आहेत 'फर्नवीस'. लिहिण्याची तऱ्हा प्रत्येकाची वेगळी. कुणी एफ-यू-आर असा आरंभ करतो, कुणी एफ-ए-आर. कुणी शेवटी डबल ई घालतो, कुणी एस-ई जोडतो. ग्रँट डफच्या 1826 च्या इतिहासात एक वळण, तर पुढे तीन-चार वर्षांत ब्रिग्जने नानांच्या आत्मचरित्राचं भाषांतर छापलं त्यात दुसरं. आज आपण पी-एच किंवा एफ लिहून पुढे 'ड'साठी डी लावतो. जुन्या इंग्रजीत त्या जागी आर आहे. इंग्रजाच्या कानाला 'ड' हा 'र'सारखा ऐकू आला असेल, किंवा फारसी मुनशीच्या कागदातला 'फर्द' तसाच उचलला असेल. कारण काहीही असो, संगणकावर आजच्या स्पेलिंगने शोधलं तर या ढिगातलं फारसं काही समोर येत नाही. जुन्या इंग्रजी दप्तरात शोध घेताना आधी स्वतःच्या आडनावाची दहा-बारा चुकीची स्पेलिंगं कागदावर काढावीत, एवढं मात्र आवर्जून सांगेन.

याच पत्रांत एक सापळा आहे. 1778 मध्ये पुण्यात एकदम दोन फडणीस वावरताना दिसतात आणि ते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. दुसरे म्हणजे मोरोबा, बाबूराव फडणिसांचे चिरंजीव, नानांचे चुलतभाऊ. त्या वर्षी काही महिने कारभार मोरोबांनी हातात घेतला, नंतर नानांनी तो परत मिळवला आणि मोरोबा कैदेत पडले. इंग्रजी पत्रात नुसतं 'फर्नवीस' असेल तर तो कोण, हे तारीख आणि मागचापुढचा मजकूर बघून ठरवावं लागतं. एकाच घरात, एकाच वर्षी जर असा घोटाळा होऊ शकतो, तर तुमच्या-माझ्या घरच्या कागदांत तो किती सहज होईल!

मोडीतले काही खाचखळगे

मोडीत आधी ओळभर आडवी रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं टांगत जातात. शब्द तोडायची पद्धत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. 'न' आणि 'ण' लिहिणाऱ्याच्या सवयीप्रमाणे. त्यामुळे फडणीस, फडनीस, फडणिस यांत फरक शोधणं व्यर्थ आहे. शुद्धलेखनावरून घराण्याची शाखा ठरवणारे लेख मी वाचले आहेत. त्यांना मोडीत काही आधार नाही.

खरा धोका आडनावाच्या मागच्या-पुढच्या शब्दांत असतो. 'निसबत फडणीस' किंवा 'दिंमत फडणीस' असं लिहिलेलं दिसलं की नवखा वाचक आनंदाने उडी मारतो. मीही मारली होती. पण निसबत म्हणजे त्याच्याकडचा, दिंमत म्हणजे त्याच्या ताब्यातला. तो माणूस फडणीस नाही, फडणिसाच्या हाताखालचा आहे. माझ्या वहीत पहिल्या महिन्यात लिहून ठेवलेले सात 'पूर्वज' असेच खोडावे लागले. शिवाय घाईच्या अक्षरात 'फडके' हे नाव 'फड'पर्यंतच नीट दिसतं, पुढचं पुसट. नानांच्या जवळचे सेनापती हरिपंत फडके त्या काळच्या कागदांत पदोपदी येतात, तेव्हा अक्षर लावताना घाई करू नये.

तारखेचंही तसंच. पेशवाईतल्या बहुतेक कागदांवर सुहूर सन असतो, तोही अरबी अंकशब्दांत. नमुना म्हणून 'सबा सबैन मया व अलफ' घ्या. सबा म्हणजे सात, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. बेरीज 1177. सुहूर वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होतं. म्हणून जून ते डिसेंबरच्या कागदासाठी 599 मिळवायचे आणि जानेवारी ते मृगापर्यंतच्या कागदासाठी 600. म्हणजे हा कागद 1776-77 चा. नाना वारले ते साल सुहूर 1200, 'मयातैन व अलफ'. मार्च महिना, म्हणून 600 मिळवले की 1800. एकदा हात बसला की हे पाढ्यासारखं येतं. पण ज्याला हे येत नाही त्याची वंशावळ एका वर्षाने इकडेतिकडे होते, आणि बापाआधी मुलगा नोकरीला लागलेला दिसतो.

कागद आहेत कुठे

1818 मध्ये राज्य गेलं आणि पेशव्यांचं दप्तर इंग्रजांच्या ताब्यात आलं. 1852 मध्ये इनाम कमिशन बसलं. कुणाला कुठलं इनाम कशाच्या आधारावर आहे याची तपासणी सुरू झाली आणि गावोगावची जुनी दप्तरं पुण्यात गोळा होऊ लागली. लोकांच्या जमिनी काढून घेण्याचं ते हत्यार होतं, त्याचा जाच खूप घराण्यांना झाला. पण त्याच तपासणीत घराण्यांनी आपापल्या कैफियती दिल्या: मूळ पुरुष कोण, चाकरी कुठे केली, सनद कुणी दिली. आज त्या पुणे पुराभिलेखागारातल्या रुमालांत आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं बोचकं. कैफियत वाचताना एवढं लक्षात ठेवायचं की ती इनाम वाचवण्यासाठी लिहिलेली आहे. मूळ पुरुष जितका जुना तितका दावा बळकट, त्यामुळे पहिल्या दोन पिढ्या थोड्या संशयानेच घ्याव्यात. आजोबा, पणजोबांबद्दल मात्र ती सहसा खरं बोलते, कारण ते तपासून बघणारे शेजारी जिवंत असायचे.

या कोट्यवधी कागदांतून गो. स. सरदेसाई यांनी निवडक पत्रांचे 45 खंड 1930 ते 1934 या काळात काढले. त्याआधी वि. का. राजवाडे यांनी 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली होती, वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून लेखसंग्रह छापला. या माणसांनी केलेल्या कामापुढे मी हात जोडतो. पण घराण्याचा शोध घेणाऱ्याने एक ओळखून असावं: हे निवडलेले कागद आहेत, आणि निवड राजकारणाच्या दृष्टीने झाली आहे. लढाया, तह, कारस्थानं आली. किल्ल्यावरच्या कारकुनाचा दोन महिन्यांचा थकलेला पगार आला नाही. खंडांच्या सूचीत आपलं नाव दिसलं नाही म्हणून दप्तरात नाही, असं समजू नये. राजकारणाच्या पत्रांपेक्षा आपल्या कामाचे असतात ते नीरस जमाखर्च, नेमणुकांच्या याद्या, ताळेबंद. तिथे माणूस नाव, बापाचं नाव, हुद्दा आणि ठिकाण यांसकट उभा असतो.

नानांच्या खाजगी दप्तराची कहाणी वेगळी आणि मला फार आवडणारी. वाईजवळ कृष्णाकाठी मेणवलीला नानांचा वाडा आहे, घाट आहे. त्यांचे कागद तिथे राहिले. ते इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या हाती आले. त्यांच्या संग्रहातून 1930 मध्ये साताऱ्याला वस्तुसंग्रहालय उभं राहिलं आणि 1939 मध्ये तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. मेणवली दप्तर आज तिथे आहे. फडणिसांचे कागद पारसनिसांनी सांभाळले. एका 'नीस'ने दुसऱ्या 'नीसा'चं दप्तर राखलं.

बायकांचा माग

वंशावळीत बायका नसतात, हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण आडनावाचा शोध घेताना ती उणीव जास्त बोचते, कारण आडनाव टिकवून धरणारं माणूस पुष्कळदा घरातली विधवाच असते. नानांची नऊ लग्नं झाली. त्यांच्यामागे राहिली ती जिऊबाई. वय अगदी लहान. दुसऱ्या बाजीरावाच्या भीतीने ती लोहगडावर नानांच्या विश्वासातल्या धोंडोपंतांच्या आश्रयाला होती. 1803 मध्ये जनरल वेलस्लीने, म्हणजे पुढे वॉटर्लू जिंकणाऱ्याने, मध्ये पडून तिच्या सुरक्षिततेची हमी घेतली आणि तिला साल बारा हजार रुपयांची नेमणूक, म्हणजे तनखा, ठरली. पुढे ती मेणवलीला राहिली, तिने दत्तक घेतला. नानांच्या घराण्याचं नाव पुढे गेलं ते या दत्तकामुळे.

आता बघा: तिचं माहेरचं नाव काय? सासरच्या कागदांत ते सहजी हाती लागत नाही. विधवेच्या नावाआधी 'गंगाभागीरथी' लावायची रीत होती, त्यामुळे शोध घेताना 'गं. भा.' ही अक्षरंही डोळ्यांत तेल घालून बघावी लागतात. आणि दत्तकाच्या कागदावर मुलाचं जन्मघराणं लिहिलेलं असलं तर ते उतरवून घ्यावं. रक्ताचा माग आणि आडनावाचा माग तिथून दोन वाटांनी जातात.

ज्यांची सनद नव्हती

इथवरचं सगळं लेखणी हातात असलेल्या घरांचं. बहुसंख्य महाराष्ट्राच्या जुन्या नोंदीत आडनाव दिसतच नाही. 'महादू वल्द रामा' किंवा 'तुका बिन राघू' (वल्द, बिन म्हणजे अमक्याचा मुलगा), पुढे जात, पुढे गाव. गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वहीत, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, हेच चित्र आहे. 2023 पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी केवढी मागणी आली, ते आपण पाहिलं. या वह्यांत आडनावाने शोधणारा रिकाम्या हाताने परत येतो. गाव, बापाचं नाव आणि शेताची नोंद या तीन खुंट्या धराव्या लागतात.

नाव, बापाचं नाव, आडनाव हा आजचा साचा पक्का झाला तो इंग्रजी अमलात शाळेचे दाखले आणि कचेऱ्यांच्या याद्या यांमुळे. दाखला लिहिताना मास्तरांनी विचारलं आणि त्या दिवशी जे सांगितलं गेलं, ते पुढच्या पिढ्यांना चिकटलं. एका भावाने गावाचं नाव सांगितलं, दुसऱ्याने हुद्द्याचं, आणि सख्ख्या भावांची दोन आडनावं झाली. उलट दिशेने, नाव बदलल्याच्या जाहिराती राज्य शासनाच्या राजपत्रात छापल्या जातात. हुद्द्याचं नाव टाकून मूळ आडनावावर परतलेली घराणीही अशा ठिकाणी सापडू शकतात.

मामाचा प्रश्न

पुन्हा आजोळच्या पेटीकडे येतो. त्यात वेळासचं नाव कुठेही नव्हतं. गोत्र भानूंचं नव्हतं, कुलदैवत वेगळं. सर्वांत जुन्या कागदावर आडनावाच्या जागी नुसतं बापाचं नाव होतं आणि हुद्दा खाली वेगळ्या ओळीत, एका लहानशा सरदाराच्या पागेकडचा. मामाला हे फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे आपला कुणीतरी खरंच बसून हिशेब लिहीत होता ना?" मी म्हटलं, होय, आणि त्याचं अक्षर फार सुंदर आहे.

गेल्या श्रावणात आम्ही दोघं त्र्यंबकेश्वरला गेलो. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे यात्रेला आलेल्या घराण्यांच्या वह्या पिढ्यान् पिढ्या चालत आल्या आहेत. बापाचं, आजाचं, भावांचं नाव यजमान स्वतःच्या हाताने लिहून जातात. मामा पुढे होऊन ताठ मानेने म्हणाला, "फडणीस."

गुरुजींनी चष्मा वर केला. "फडणीस पुष्कळ आहेत," ते म्हणाले. "मूळ गाव सांगा."